नडगीच्या दुखण्यावर टेप: आधी बोट, मग पट्टी

पहाटे साडेपाचला शाळेच्या ग्राउंडवर दोन वास येतात. एक दवानं भिजलेल्या मुरमाचा आणि दुसरा बामचा. बामचा वास आला की मी कडुनिंबाच्या ओट्याकडे बघतो. कोणीतरी ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत सारून तिथं पाय चोळत बसलेलं असतं. "सर, नळी लय दुखू राह्यली. टेप मारून द्या ना." पोलीस भरतीची जाहिरात निघाली की अशी पोरं वाढतात. दिवाळीनंतर गावोगावी कबड्डीचे सामने लागले की आणखी वाढतात.

टेप मी मारून देतो, पण आधी बोट लावून बघतो. टेप कशी मारायची हे कोणीही पंधरा मिनिटांत शिकतं. कोणाच्या पायाला मारायची नाही हे कळायला मला एका पोराचं वर्ष वाया घालवावं लागलं. ते पुढे सांगतोच.

आधी दुखणं समजून घेऊ. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुढून जे हाड हाताला लागतं ती नडगी. तिच्या आतल्या कडेला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे तोंड करून असलेल्या कडेला, पोटरीचे खोल स्नायू आणि त्यांचं पातळ आवरण चिकटलेलं असतं. धावताना प्रत्येक पावलाला हे स्नायू तिथं ओढ देतात, आणि हाडही किंचित वाकून सरळ होतं. हाडाला सवय असेल तर ते या ओढीनं मजबूत होतं. सवय नसताना एकदम भार पडला की हाड आणि त्यावरचं आवरण चिडतं. आतल्या कडेला खालच्या अर्ध्या भागात ठसठस सुरू होते. आधी धावायला लागताना दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, थांबल्यावर परत येतं. दुर्लक्ष केलं तर जिना चढतानाही दुखतं.

आपल्याकडे विदर्भात हे जास्त का, याचं उत्तर पायाखालीच आहे. काळी माती पावसाळ्यात बुटाला दोन-दोन किलो चिकटते, म्हणून पोरं डांबरी रस्ता धरतात. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते, वर भेगा. आणि सवय अशी की वर्षभर काही करायचं नाही, जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून सोळाशे मीटर रोज, तेही मोठ्या भावाच्या तळ घासलेल्या बुटात. मुलींचं आठशेचं तसंच. नडगी बिचारी काय करणार!

बोट लावून बघा

पोराला ओट्यावर बसवा, पाय सैल सोडायला सांगा. नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा ठेवा आणि घोट्याच्या हाडापासून वर दोन-दोन सेंटिमीटरवर दाबत जा. त्याच्या तोंडाकडे बघा, पायाकडे नको. दुखरी जागा किती लांब आहे ते मोजा. तीन बोटं शेजारी ठेवली तर साधारण पाच सेंटिमीटर होतात. दुखरा पट्टा तेवढा किंवा त्याहून लांब, पसरलेला असेल, तर बहुतेक वेळा ही साधी चिडलेली नडगी असते. तिला टेप चालते.

दुखणं एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असेल, दाबल्यावर पोरगं पाय झटकन ओढून घेत असेल, तर टेपचा रोल पिशवीत परत ठेवा. त्याच पायावर एकदा हलकी उडी मारायला सांगा. टोचल्यासारखी कळ आली तर पुन्हा उडी नको. रात्री झोपेत दुखतं का, हेही विचारा. हे सगळं हाडाला बारीक तडा गेल्याचं लक्षण असू शकतं. माझी चूक इथं झाली. बारावी झालेलं पोरगं, चांगलं धावणारं. दुखणं एका टिकलीएवढं होतं, पण भरती वीस दिवसांवर होती आणि त्यानं हात जोडले. मी टेप मारली. दुखणं कमी झालं म्हणून ते आणखी जोरात धावलं. बाराव्या दिवशी त्याला पाय टेकवेना. एक्सरे आधीही काढला होता, त्यात काही दिसलं नव्हतं. आता मला माहीत आहे की तडा गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्ये तो लवकर सापडतो. त्या वर्षी भरतीच्या मैदानावर ते गेलंच नाही. तेव्हापासून एक्सरे साफ असला तरी मी बोटावर विश्वास ठेवतो.

नडगीच्या पुढच्या धारेवर, मधोमध, एका जागी दुखत असेल तर आणखी सावध. तिथला तडा लवकर भरत नाही आणि धावत राहिलं तर हाड पूर्ण मोडूही शकतं. हाडाच्या डॉक्टरकडेच पाठवा.

आणखी काही पायांना टेप नको. धावायला लागल्यावर ठरावीक वेळानं पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू फुगून दगडासारखी होते, पंजाला मुंग्या येतात, थांबलं की काही मिनिटांत उतरतं, अशा पायात स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढत असतो. त्याला वरून आवळणं म्हणजे आगीत तेल. लाथ किंवा मार लागून पाय ताणून सुजला आणि असह्य दुखतोय, बोटं हलवताना जीव जातोय, तर त्याच तासाला दवाखाना. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तरीही डॉक्टर.

आणि विदर्भात एक प्रश्न विचारल्याशिवाय मी कोणाच्याच पायाला हात लावत नाही: सिकलसेलची तपासणी झाली का? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाटच नाही, आपल्या सगळ्याच भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं हाड दुखतं ते बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे. पाणी कमी, ऊन जास्त, जोराचा व्यायाम, की त्रास उसळतो. त्याच्या नडगीला टेप मारून पळवणं धोक्याचं आहे, बर्फानंही त्याचा त्रास वाढू शकतो. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. पाळी तीन-चार महिने चुकतेय, जेवण कमी आणि पळणं जास्त, तर हाडं कमजोर होऊन तडा जाण्याची शक्यता वाढते. पुरुष शिक्षकाला हे विचारणं अवघड जातं, मलाही जातं. मी आमच्या मॅडमना विचारायला सांगतो.

टेप कोणती

तालुक्याच्या मेडिकलमध्ये नुसती 'टेप द्या' म्हटलं की मलमपट्टीची कागदी टेप हातात पडते. ती घामानं दहा मिनिटांत सुटते. दोन प्रकार उपयोगाचे. पहिली कायनेसिओ टेप: कापडासारखी, लांबीत ताणली जाणारी, ५ सेंटिमीटर रुंद, साधारण ५ मीटरचा रोल. जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात ती काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यांवर दिसल्यावर जगभर पसरली. दुसरी झिंक ऑक्साइडची पांढरी स्पोर्ट्स टेप: अजिबात न ताणणारी, दीड इंची, हातानं फाटते. तालुक्याला मिळाली नाही तर अमरावती, नागपूर, यवतमाळला खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा.

क्रेप बँडेज म्हणजे टेप नव्हे. आणि टेनिस बॉलला गुंडाळतात ती इलेक्ट्रिकची टेप पायाला गुंडाळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. काढताना कातडी आली. असं करू नका.

टेपनं हाड बरं होत नाही. ती कातडीला स्पर्शाची जाणीव देते, मांसाला थोडा आधार देते, त्यामुळे दुखणं काही वेळ कमी जाणवतं. कोणाला बराच फरक पडतो, कोणाला काहीच नाही. टेप म्हणजे उसने पैसे समजा. त्या पैशात पाय सुधारायचा, धावणं वाढवायचं नाही.

कातडीची तयारी

सगळ्यात जास्त टेप इथं फसते. पायावर खोबरेल तेल किंवा बाम असेल तर कितीही महाग टेप टिकणार नाही, आणि खाली राहिलेला बाम घामासोबत असा जळजळतो की पोरगं अर्ध्या फेरीत टेप ओरबाडून काढतं. साबणानं पाय धुवा, पूर्ण वाळू द्या. केस दाट असतील तर आदल्या दिवशी कापा. त्याच दिवशी वस्तरा फिरवला तर बारीक चिरांत टेपचा गोंद चुरचुरतो. पहिल्यांदा टेप लावणाऱ्याला आदल्या संध्याकाळी दोन बोटांएवढा तुकडा लावून द्या. सकाळी खाज किंवा पुरळ दिसली तर ती टेप त्याच्यासाठी नाही. जखम, गळू, नायटा यांवर टेप नको. मधुमेहामुळे पायाला संवेदना कमी असलेल्या माणसालाही नको, त्याला आवळलेलं कळणार नाही.

पद्धत पहिली: ताणाची टेप

सराव करणाऱ्या पोरांना मी हीच लावतो. उजवा पाय, दुखणं आतल्या बाजूला, असं धरून सांगतो.

पोराला खाटेवर पाय लांब करून बसवा. पंजा स्वतःकडे ओढून धरायला सांगा. तळव्याच्या कमानीच्या आतल्या बाजूपासून, घोट्याच्या आतल्या हाडामागून, गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत अंतर मोजा आणि त्यापेक्षा दोन बोटं कमी पट्टी कापा, ताणल्यावर ती पुरते. चारही कोपरे कात्रीनं गोल करा. चौकोनी कोपरा मोज्यात अडकतो आणि तिथूनच पट्टी सोलत जाते.

खालच्या टोकाचा चार-पाच सेंटिमीटर कागद फाडा आणि ते टोक कमानीच्या आत अजिबात न ताणता चिकटवा. एक हात त्यावर दाबून ठेवा. आता कागद थोडा थोडा काढत पट्टी घोट्याच्या हाडामागून वर न्या. ताण किती? पट्टी हातात पूर्ण ओढून बघा, जेवढी वाढली त्याच्या चौथाई. एवढंच. पट्टी अर्धी हाडाच्या कडेवर आणि अर्धी शेजारच्या मांसावर बसली पाहिजे. नडगीच्या पुढच्या धारेवर गेली तर काढून पुन्हा लावा. वरचं शेवटचं चार-पाच सेंटिमीटर टोक पुन्हा ताण न देता ठेवा. दोन्ही टोकं ताणलेली असली की तिथं कातडीला फोड येतात. ही चूक सगळेच करतात, मीही करत होतो.

मग आडवी पट्टी. साधारण १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, कागद मधोमध फाडा आणि दोन्ही बाजूंना धरून मधला भाग निम्म्या ताणानं सगळ्यात दुखऱ्या जागेवर आडवा बसवा. दोन्ही टोकं मोकळी टेकवा. ती पोटरीमागे एकमेकांना भेटता कामा नयेत. पायाभोवती पूर्ण गोल केला की पट्टीचा फास होतो. दुखरा पट्टा लांब असेल तर वर अर्ध्या अंतरावर अशीच दुसरी.

शेवटी तळहातानं पूर्ण पट्टी घासा. गोंद उबेनं पकडतो. त्यानंतर अर्धा-पाऊण तास घाम नको, म्हणून पहाटे धावायचं असेल तर रात्रीच लावून झोपा. चांगली लावलेली पट्टी तीन-चार दिवस टिकते, आंघोळीनंतर टॉवेलनं टिपून घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकला की दोनच दिवस धरा. रोल गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, गोंद पाघळतो.

पद्धत दुसरी: पांढरी टेप, सामन्यापुरती

ही घट्ट धरते, म्हणून एका सामन्यासाठी बरी. पण आवळण्याचा धोका हिच्यातच. पोराला बाकावर बसवा, गुडघा वाकलेला, टाचेखाली अर्धी वीट. मग पंजा हलकासा खाली दाबून पोटरी टणक करायला सांगा. सैल पोटरीवर टेप मारली तर धावताना ती फुगल्यावर टेप रुतते.

घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर एक आडवी पट्टी, दुखऱ्या भागाच्या तीन बोटं वर दुसरी. दोन्ही नुसत्या टेकवलेल्या, ओढलेल्या नाहीत, आणि मागे पोटरीवर दोन बोटं जागा मोकळी. या खुंट्या. आता खालच्या खुंटीच्या बाहेरच्या बाजूपासून पट्टी सुरू करा, पोटरीमागून तिरपी वर न्या, आतल्या बाजूला आल्यावर मोकळ्या हातानं पोटरीचं मांस नडगीकडे हलकं सरकवा आणि ते धरून ठेवत पट्टी नडगीवर आणून संपवा. दुसरी पट्टी आतल्या बाजूनं निघून नडगीच्या पुढून तिरपी बाहेर जाते. नडगीवर फुली पडते. अशा फुल्या, प्रत्येक आधीच्या निम्म्यावर चढवत, तीन ते चार. मग खुंट्यांवरून एक-एक पट्टी फिरवून टोकं बंद करा, मागे जागा सोडूनच. पट्टीला सुरकुती पडली तर ती दाबून बसवू नका, फाडून नवी घ्या. सुरकुतीखाली फोड ठरलेला.

लगेच तपासा. अंगठ्याचं नख दाबून सोडा: पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. मुंग्या, गार बोटं, निळसरपणा, काहीही दिसलं तर ताबडतोब कापा. टेप महाग आहे, राहू दे थोडा वेळ, असं म्हणायचं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा नख बघा. मग चाल, हलकी धाव, दहा उड्या. दुखण्यात ठळक फरक नसेल तर टेप काढा आणि त्याला बाहेर बसवा. सामना संपला की ही टेप लगेच निघाली पाहिजे, अंगावर ठेवून झोपायचं नाही.

खेळाप्रमाणे थोडे बदल. मातीवर अनवाणी कबड्डी खेळणाऱ्याच्या तळव्यावरची पट्टी पहिल्याच चढाईत सुटते, म्हणून ताणाची पट्टी घोट्याच्या वरून सुरू करा. घोटा पकडणाऱ्याच्या बोटात टेपचं टोक सापडलं की पट्टी सोलून निघते. टोकं नडगीच्या वरच्या भागात संपवा आणि वरून मोजा चढवा. खो-खोत बसणारा खेळाडू पूर्ण उकिडवा असतो, पांढऱ्या टेपची खालची खुंटी त्याला टाचेच्या नसेवर कापते. त्याला ताणाचीच टेप.

पाय आत कलत असेल तर नडगीवरची टेप कमी पडते. ओल्या पायानं अंगणाच्या फरशीवर चालायला सांगा. ठसा पोळीसारखा भरगच्च उमटला, मधे कमानीची जागाच नाही, तर तळव्याला आधार द्या: पांढरी टेप करंगळीच्या मुळापासून टाचेमागून अंगठ्याच्या मुळापर्यंत, मग तीन आडव्या पट्ट्या बाहेरून आत, कमान किंचित उचलत. कोणाला नडगीपेक्षा यानंच जास्त बरं वाटतं.

काढताना

ओरबाडू नका. कडांना खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा. केसांच्या दिशेनं, एका हातानं कातडी मागे दाबत, पट्टी अंगालगत गुंडाळत काढा. पांढरी टेप बोथट टोकाच्या कात्रीनं पोटरीच्या बाजूनं कापा, नडगीवरून कधीच नाही. लाली दिवसभरात जाते. फोड आला तर तो पूर्ण बरा होईपर्यंत नवी टेप नको.

टेपखालचं काम

टेप लावली त्या दिवसापासून धावणं निम्मं. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगा. तीनपर्यंत चालेल, त्यापुढे गेलं तर थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना दुखलं, तर काल जास्त झालं. डांबर सोडा, वावराच्या धुऱ्यालगतची किंवा पांदणीची मऊ वाट धरा, खड्डे बघून. पावलं छोटी आणि थोडी जास्त टाका. उरलेल्या दिवशी सायकल. धावून आल्यावर बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, बर्फ थेट कातडीवर नको. हाडावर जोरात चोळणं बंद. आणि धावण्याआधी दुखण्याची गोळी तर नाहीच. ती तडा लपवते, आणि उन्हात घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण टाकते.

ओट्याच्या पायरीवर पंजे टेकवून टाच वर-खाली: पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून. भिंतीला पाठ लावून, टाचा वीतभर पुढे ठेवून पंजे वर उचलायचे, तेही तेवढेच. एक दिवस आड. दोन आठवडे टेप लावून अंतर कमी केलं तरी दुखणं जागचं हलत नसेल, तर तिसरा आठवडा टेपवर काढू नका, डॉक्टरला दाखवा. कमी झालं तर आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवा आणि आडवी पट्टी आधी सोडा, उभी नंतर.

भरतीच्या दिवसाचं सगळे विचारतात. त्या दिवशी टेप पहिल्यांदा लावायची नाही. सरावात निदान चार वेळा जी लावली तीच, आदल्या रात्री, आणि पिशवीत कापून ठेवलेली एक जादा पट्टी, कागदासकट. पायाला वेळ मोजायची चिप बांधत असतील तर घोट्याजवळची तेवढी जागा मोकळी सोडा. रांगेत उभं राहण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांना टेप दाखवून विचारा. नाही म्हणाले तर तिथंच काढता आली पाहिजे, म्हणून खिशात तेलाची छोटी बाटली ठेवा.